पंखा बंद असताना

रात्री साडेनऊला मी पंखा बंद करतो
आणि घर उठून गॅलरीत जातं.
वैजू कालच्या पेपरने वारा घेते,
पोरगा म्हणतो, बाबांचं ऑपरेशन सुरू.
मे महिना, माहीम, खारी हवा,
कपाळाला रुमाल बांधलेला:
घामाचा एक थेंब बॅलन्सवर पडला
तर आठवड्याची मेहनत गंजली समजा.

दिवसा मी दात घडवतो, दादरच्या लॅबमध्ये.
दाढा, सुळे, टोप्या.
वापरणाऱ्याचं तोंड कधी दिसत नाही,
फक्त त्याचा चावा, प्लास्टरमध्ये.
तेच भिंग, तोच चिमटा, तोच तीन शून्यांचा ब्रश
घरी आणतो. मालकाला ठाऊक आहे.
दातावर चहाचा पिवळेपणा चढवणारी माझी शेड
नव्या तबकडीला चाळीस वर्षं जुनी करते.

माल इद्रिसभाईंचा. चोर बाजार, शुक्रवार, उजाडायच्या आत,
गोणपाटावर ओतलेली एचएमटी,
कुणाला काच नाही, कुणाला पट्टा नाही,
काहींच्या पोटात काहीच नाही.
ते विकतात ढिगावर, मी घेतो कानाला लावून.
घरी याचं यंत्र त्याच्या केसमध्ये,
काटे तिसऱ्याचे, चावी चौथ्याची.
बाहेरदेशीचे जाणकार अशा घड्याळाला
'मुंबई स्पेशल' म्हणतात, नाक मुरडून.
इथे शहराविषयी काहीतरी बोलायचा मोह होतो.
आवरतो. कारण स्प्रिंग उडालीय
आणि मी गुडघ्यांवर, लोहचुंबक घेऊन,
कपाटाखाली.

मिळाली. कणकेच्या डब्याच्या झाकणावर.

गेल्या शुक्रवारी एक उचललं आणि हात थांबला.
तबकडीवर भारी स्विस नाव, काळ्या अक्षरांत,
शेवटच्या अक्षराची शेपटी जरा खाली लोंबलेली.
ती शेपटी माझी.
अठरा वर्षं झाली. वैजूला सातवा महिना,
मला पैसे हवे होते, एका गिऱ्हाइकाला नाव हवं होतं.
अक्षर संपता संपता दाराची बेल वाजली.
तो म्हणाला, कोण बघतंय एवढं.
इद्रिसभाई म्हणाले, असली है, तीन हजार.
मी घासाघीस केली नाही.
त्यांनाच चुकल्यासारखं झालं.

रात्री मागचं झाकण उघडलं.
आतल्या बाजूला, जिथे घालणारा कधी बघत नाही,
कारागिरांच्या ओरखड्यांच्या सह्या:
र. पां. चं., ऑगस्ट बारा.
मग उर्दूत काहीतरी, सोळा.
मग पुन्हा र. पां. चं., हात कापरा, एकवीस.
म्हणजे कुणीतरी नेमाने तेलपाणी करत होतं,
माझं खोटं नाव मनगटावर बांधून
लग्नांना जात होतं, दवाखान्यात बसत होतं,
कुणाची तरी वाट बघताना त्याच्याकडे बघत होतं.
आणि त्या दोघा कारागिरांना
दिसलीच असणार ती शेपटी.
कुणी बोललं नाही?
की बोलले, आणि त्याने ऐकून घेतलं,
पैसे दिले, पुन्हा हातावर चढवलं?
चावी दिली. चालायला लागलं.
दिवसाला चाळीस सेकंद मागे.

थिनरमध्ये बुडवलेली काडी तबकडीवर धरून
बराच वेळ बसलो.
पुसलं, तर तिथे काय लिहायचं, सुचेना.
काडी वाळून गेली.
मग सुईने, झाकणात, एकवीसच्या खाली
कोरलं: तबकडी मी रंगवली. माहीम. २००७.
'रंगवली'तला र वाकडा आला.
झाकण दाबून बसवलं.

गॅलरीतून वैजू: झालं का?
झालं म्हणालो, पंखा लावला,
आणि मग आठवलं,
बशीत दुसऱ्या घड्याळाचा सेकंदकाटा
उघडाच होता.